सतरंजीची उसवलेली कडा

मित्रांनो, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची मी एक जुनी सतरंजी. तुरुंगातल्या मागावर विणली गेले आणि जबलपूरच्या मदन महल भागातल्या मराठी भजनी मंडळात आले. हळदीकुंकू, बारशी, सत्यनारायण, सगळ्यांचे पाय मी सोसले. "सतरंजी मोठी मजबूत आहे हो!" असं कुणी म्हटलं की मी फुगून जात असे.

माझी फुशारकी एका गुरुवारी उतरली. शर्मिलाताईंची पंधरा वर्षांची यशश्री महिनाभर शाळेत गेली नव्हती, घरातही बोलत नव्हती. मंडळाच्या वसुधाकाकूंना वाटलं, पोरीसाठी काहीतरी करावं. त्यांनी चक्क माइकवरून सांगितलं, "आपल्या यशश्रीचं मन ठिकाणावर नाही. तिच्यासाठी अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं करू."

यशश्री दारातच उभी होती. चपला तिथेच टाकून ती निघून गेली.

पाचव्या आवर्तनाला त्या चपला शर्मिलाताईंना दिसल्या. पाठ थांबला. कुणी स्टेशनकडे धावलं, कुणी नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलाकडे. पुलाचं नाव निघताच शर्मिलाताई माझ्यावर मटकन बसल्या. शंभर माणसांचं ओझं पेललेली मी, त्या एकटीच्या ओझ्याने घाबरले.

दोन तासांनी वसुधाकाकू यशश्रीला स्टेशनवरून घेऊन आल्या. तिला घरी जायचं नव्हतं. काकूंनी सगळ्यांना बाहेर पाठवलं, मला अर्धं दुमडलं आणि तिला घेऊन माझ्यावर बसल्या. यशश्री माझ्या कडेचा दोरा ओढत राहिली.

"काकू, माझं नाव काहून घेतलं सगळ्यांसमोर?"

"चुकलं माझं, बेटा."

"मैं पागल नहीं हूँ. भीती वाटून राहिली, बस."

"कशाची, ते आज नको सांगू. बसू दोघी."

पुढच्या गुरुवारी ती आपणहून आली, मैत्रिणीला घेऊन. मग आयाही येऊ लागल्या. कुणी आपण होऊन सांगेपर्यंत नाव विचारायचं नाही, हा पहिला नियम. अशी, घाबरलेल्या मुलांचं ऐकून घेणारी ही संस्था मंडळाच्याच जागेत उभी राहिली.

आता इथे पाटी आहे, समुपदेशक आहेत, खुर्च्या आहेत. मी कोपऱ्यात गुंडाळलेली असते. दोरे ओढून ओढून मुलांनी माझी कडा वीतभर उसवली आहे. काल कार्यालयातले आनंद म्हणाले, "हिला शिवून टाका, नाहीतर फेका." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, मला झटका, उन्हात घाला, पण ती कडा शिवू नका. आत्ताच एक बाप लेकीला घेऊन आला आहे. तिला खुर्ची नको आहे. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते आणि दाराकडे बघते. कुणीतरी मला लवकर अंथरा.