जाळं कधी घालायचं

लायलकाकाचा खांदा निखळला आणि शनिवारच्या मासेमारीच्या स्पर्धेसाठी आजोबांच्या बोटीत गळ टाकणाऱ्याची जागा रिकामी झाली. ती मला हवी होती. सहा वर्षं मी त्या बोटीत बसतेय, पण मागच्या फळीवर, जाळं धरून.

"गेल्या वर्षी गळ हातात दिला तेव्हा तू चार मासे घालवलेस," व्हर्ल आजोबा म्हणाले.

"तीन. चौथा तुमच्या जाळ्याच्या कडेने सुटला."

"बरं. आज ऊन धरणाच्या भिंतीवर यायच्या आत तीन मासे बोटीत आण. नाहीतर रेंडाला घेतो."

शेजारची रेंडा कधीच मासा घालवत नाही. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते.

आम्ही धरतो तो कोकानी म्हणजे समुद्र न पाहिलेला साल्मन मासा. आमच्या डोंगरातल्या या गार धरणातच वाढतो, आणि तोंड भिजलेल्या कागदासारखं. हिसका दिलात की ओठ फाटतो, मासा गेला. मी वर्षभर अंगणात बादलीला दोरी बांधून हिसका न देता गळाची चरखी फिरवायचा सराव केलाय. गळाला लावायचे मक्याचे पांढरे दाणे लसूण आणि ट्यूनाच्या तेलात मीच भिजवले होते.

"या वासाने शाळेत शेजारी कोण बसेल तुझ्या?" आजोबांनी विचारलं.

"मला शेजारी नकोय, जागा हवीय."

शिशाच्या गोळ्याने दोरी पंचेचाळीस फूट खाली नेली. पहिला मासा लगेच आला. दुसरा बोट वळताना. आजोबांनी दोन्ही बर्फात ठेवले.

मग बराच वेळ काहीच नाही. ऊन डोंगरावरून उतरत भिंतीपासून हातभर वर आलं, तेव्हा मासा लागून दोरी गोळ्यापासून सुटली आणि वाकलेली काठी ताडकन सरळ झाली. मी न थांबता चरखी फिरवत राहिले. मासा पाण्यावर चमकला आणि आजोबा जाळं घेऊन उठले.

"आजोबा, जाळं खाली ठेवा."

"काय?"

"मी सांगेन तेव्हा घाला."

आमच्या घरात त्यांच्याशी असं कोणी बोलत नाही. मासा पुन्हा खाली पळाला. मी दोरी सोडली, परत गोळा केली.

"ऊन टेकतंय बघ. आत्ता घेऊ?"

"नाही."

तो अजून दमला नव्हता. जाळं दिसताच उसळला असता. ऊन भिंतीवर आलं, मला दिसलं, तरी हात सैल पडू दिला नाही. आणखी एक फेरी. मग तो कुशीवर झाला.

"आता."

आजोबांनी अलगद जाळं घातलं. मासा बोटीत आला.

"उशीर झाला," मी म्हटलं. "ऊन आलंय."

"मला डोळे आहेत." त्यांनी मासा बर्फात ठेवला, जाळं धुतलं आणि मागच्या फळीवर, माझ्या नेहमीच्या जागी, गुडघे आवळून बसले.

"फारच अरुंद आहे गं ही," ते म्हणाले. "शनिवारी उशी आणावी लागेल मला."