विष पिणारी थाळी

पद्मरामच्या उघड्या पाठीला काशाची थाळी चिकटली आणि नदीतल्या बोरचापरी बेटावरच्या गर्दीने हात जोडले. साप चावलेल्या पद्मरामच्या पापण्या मिटू लागल्या होत्या, पण त्याच्या तोंडाकडे बघतंय कोण?

"थाळी विष पितेय," गावचा मांत्रिक महेश्वर बेज बजावत होता. "पोट भरलं की आपोआप पडेल. सापांच्या मनसादेवीने माझ्या पणज्याला स्वप्नात दिलीय." बेजाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या विष उतरवत आलं होतं. ज्यांचं उतरलं नाही त्यांचं नशीब फुटकं होतं, थाळी बिचारी निर्दोष.

जुनुमणी हजारिका गर्दीत घुसली. असल्या बेजांना तुरुंगात धाडणाऱ्या कायद्याचा मसुदा तिने गुवाहाटीच्या सरकारी समितीला दिला होता आणि त्याचा तिला फार अभिमान होता. तिने थाळी उचकटली आणि बेजाच्याच घामट पाठीवर दाबली. थाळी चिकटली.

"बेजकाका, तुम्हाला कोणता साप चावला?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"थाळी खोलगट आहे," जुनुमणीने समजावलं. "ओल्या पाठीवर दाबली की आतली हवा निसटते आणि बाहेरची हवा तिला दाबून धरते. कडेने हवा शिरली की पडते. विषाशी तिचा काही संबंध नाही."

एवढं बोलून ती कौतुकाची वाट बघत राहिली. पद्मरामची बायको पुढे आली. तिचं नाव रूपही.

"बरं ताई, थाळी खोटी. आता ह्यांना कुठे नेऊ?"

"आरोग्य केंद्रात."

"तिथे विषावरचं इंजेक्शन नसतं. गेल्या पुरात दिराला नेलं होतं. पलीकडे शहरात न्या म्हणाले. नदी ओलांडतानाच त्याचा जीव गेला."

जुनुमणीच्या मसुद्यात यावर अवाक्षर नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लोकांना रिकाम्या हाती कसं पाठवू?" बेज पुटपुटला. "म्हणून लावतो थाळी."

"आणि दक्षिणा?"

"तीही घेतो."

गावातली एकुलती एक इंजिनाची होडी त्याच दक्षिणेतून आलेली.

"काढा ती होडी," जुनुमणी म्हणाली. बेजाने मुकाट्याने काढली. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत पद्मरामचा श्वास तुटू लागला होता. शहरात इंजेक्शन मिळालं, श्वासाचं यंत्र लागलं आणि माणूस वाचला.

समितीच्या पुढच्या बैठकीला जुनुमणीने रूपहीला शेजारी बसवलं आणि मसुद्याचं पहिलंच कलम बदलून मागितलं: बेटावरच्या प्रत्येक केंद्रात इंजेक्शन आणि दाराशी होडी.

"मागच्या वेळी तुम्हाला तुरुंग हवा होता," समितीचे साहेब हसले. "बेजांवर बंदी उद्याच घालतो, तिला काही खर्च नाही. इंजेक्शनचं बघू."

"मागच्या वेळी मी बेटावरच्या कुणाला विचारलंच नव्हतं," जुनुमणी म्हणाली. "बंदी थांबू द्या, साहेब. इंजेक्शन आधी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. रूपही खुर्चीवरून हलली नाही. "बघू म्हणता, तर आम्ही बसतो," ती म्हणाली.

तेव्हा लोकहो, साप चावला तर मंत्र नको, थाळी नको, तडक दवाखाना गाठा. आणि तिथे औषध नसेल तर नशिबाला बोल लावू नका. ज्याने ते ठेवायला हवं होतं त्याच्या दारात जाऊन बसा.