भेगेवरची काच

फुटकी काच घरात रात्रभर राहू द्यायची नाही, असा आमच्याकडे नियम होता. खिडकीची असो, फोटोची असो की घड्याळाची, बाबा ती त्याच दिवशी बदलत. काचेच्या दुकानदाराच्या घरात तडा दिसला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. पुढे ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे भावोजींनी, दुकान चालवायला घेतलं आणि दुकानाबरोबर हा नियमही. त्यामुळे त्या रविवारी आम्ही चौघं डोंगर चढत असताना भावोजींच्या सॅकमध्ये डब्यांशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची पट्टी आणि सिमेंटची पुडी निघाली, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

"सुट्टीच्या दिवशीही दुकान पाठीवर," ताई म्हणाली.

"तू नाहीस ना पाठीवर, तेवढं पुरे."

"बोला, बोला. उतरताना गुडघे धरून बसलात की मग बघते."

बाबा हसले नाहीत. दम राखून, एकेक पाऊल जपून टाकत ते चालत होते. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी महिनोन्‌महिने जिन्यावर सराव केला होता, तो केवळ कड्यावरच्या बाकासाठी. आई होती तेव्हा दोघं तिथे येऊन बसत. ती गेल्यापासून ते वर आले नव्हते. मीही नव्हते.

शेवटच्या चढाआधी वाट कड्याच्या अगदी पोटाखालून जाते. मान वर केली की खडकाचा पुढे आलेला भाग दिसतो, गॅलरीसारखा. बाक त्याच्यावरच आहे. तिथे वाटेत दगडाचे तुकडे पसरले होते. मी एक उचलला. बाहेरची बाजू काळपट, शेवाळलेली होती. फुटलेली बाजू मात्र फिकट आणि कोरडी होती, धुळीचा कणसुद्धा तिच्यावर बसलेला नव्हता.

"झाली हिची प्रयोगशाळा सुरू," ताई म्हणाली. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, याचा तिला मला चिडवायला फार उपयोग होतो.

"ताजं आहे हे," मी म्हणाले.

"मग काय, भाजी करायचीय?" भावोजींनी पायानं ते तुकडे कडेला सारले. कुणाला ठेच लागू नये, म्हणून.

वर पोचलो तर तिथे कुणीच नव्हतं. समोर दरी, दरीपलीकडे डोंगरांची लांब निळी रांग. बाबा थेट बाकाकडे गेले, बसले आणि दोन्ही हात काठीवर ठेवून समोर पाहू लागले. ताई थर्मास घेऊन त्यांच्यामागे गेली. मी अलीकडेच थांबले. तिथून पाहिलं की बाकाच्या पाठीची वरची कड आणि डोंगरांची रेघ नेमकी एकात एक मिसळत होती. फोटो छान आला असता.

भावोजी खाली बसून सॅक उघडत होते. त्यांच्या पायाशी एक भेग होती. कड्याच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली, गवतात अर्धी लपलेली. बाक तिच्या पलीकडे होता. भेगेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा एकेक थापा होता आणि प्रत्येक थाप्यात काचेचा एकेक तुकडा अडकलेला होता. कधीकाळी ती एकच पट्टी असणार. आता दोन तुकड्यांच्या मधून माझं बोट सहज गेलं.

"भावोजी, ही काच तुम्ही लावलेली?"

"मीच. वनखात्याच्या ऑफिसचं काम आहे. पहिली त्यांच्या एका साहेबांनी लावून घेतली होती, ते बदलून गेले. आता फुटली की गेटवरचा माणूस फोन करतो, मी येऊन बदलतो. पोरं दगड मारतात गं. लावली की फुटते."

"कशासाठी लावतात, विचारलंत?"

"असेल खूणबिण. काच फुटली की बदलायची. आपण काय विचारणार?" त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. "यावेळी लांब कापून आणलीय. जुन्या मापाची पुरत नाही."

पोराची पँट आखूड झाल्याचं सांगावं तितक्या सहज ते बोलले.

"पुरत नाही म्हणजे?"

"दोन्हीकडे धड टेकत नाही. मागच्या वेळेला जरा जास्त सिमेंट लावून निभावून..." ते थांबले. त्यांनी हातातल्या पट्टीकडे पाहिलं, मग भेगेकडे. काच वाढत नाही आणि आखूडही होत नाही, हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती.

"ही फुटण्यासाठीच लावतात," मी हळू आवाजात म्हणाले. "फुटली की पलीकडची बाजू सरकली, असं समजायचं. मग बदलायची नसते, कळवायचं असतं आणि वाट बंद करायची असते."

ते उठून बाकाकडे धावणार तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. "तुम्ही नको. आधीच तिथे दोघं आहेत."

"ताई," मी हाक मारली, "थर्मास तिथेच ठेव आणि इकडे ये. सावकाश ये."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. ती एकदाही उलटून न बोलता आली, याच गोष्टीची मला जास्त भीती वाटली.

"बाबा, तुम्हीही या."

"आत्ता तर टेकलोय." त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तुम्ही डबे उघडा. मी इथेच खाईन."

"बाबा, ती जागा सरकतेय."

"तुझी आईसुद्धा हेच म्हणायची, पहिल्या दिवसापासून. बसायची मात्र माझ्याआधी."

ओरडून उपयोग नव्हता. ओरडलं की ते हट्टाला पेटतात, हे आम्ही दोघी लहानपणापासून पाहत आलो होतो. मी पलीकडच्या थाप्यातला काचेचा तुकडा हलवून सोडवला आणि भेग ओलांडली. जमीन हलली नाही. आवाजही झाला नाही. प्रत्येक पाऊल टाकताना मात्र तळव्याखाली पोकळी आहे असं वाटत राहिलं, खरं तर तसं वाटायचं काही कारण नव्हतं.

मी तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. "भावोजी म्हणतात, पोरांनी दगड मारला."

बाबांनी तो उजेडात धरला, फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. अख्खं आयुष्य त्यांनी फुटलेल्या काचांची कारणं सांगत काढलं होतं.

"दगड कुठला? दगड लागला तर तड्यांची चांदणी पडते. ही सरळ तुटलीय. ओढून." मग त्यांनी भेगेकडे पाहिलं आणि भावोजींच्या हातातल्या लांब पट्टीकडे. "कितीदा बदलली रे?"

भावोजींनी पट्टी खाली केली. बाबांना तेवढं पुरलं.

ते उठले, पण खुबा आखडला होता. मी त्यांना काखेत आधार दिला. तेवढ्याशा अंतरात ते दोनदा थांबले. भेगेपाशी त्यांनी काठी भावोजींच्या बाजूला टेकवली, भावोजींनी त्यांचा दंड धरला आणि ते भेग ओलांडून आले. मी त्यांच्यामागून. मग आम्ही सगळे आणखी मागे, झाडांपर्यंत सरकलो. ताईनं बाबांना खाली बसवलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही.

कारण खालून हसण्याचा आवाज येत होता. कुणीतरी गाणं म्हणत होतं, मधेच एक लहान मूल चिरक्या आवाजात काहीतरी विचारत होतं. माणसं वाट चढत होती, आणि वाट त्या खडकाखालून होती. खाली उतरायची दुसरी वाट नव्हती. फोनला रेंज नव्हती. आम्ही कड्याच्या दिशेनं ओरडलो तर खालून कुणीतरी तसंच ओरडून उत्तर दिलं, खेळ समजून.

"मी जातो," भावोजी म्हणाले.

ताईनं त्यांची बाही पकडली. "त्याच्याखालून?"

"मग कुठून?" त्यांनी सॅक खाली ठेवली, काचेची पट्टी जपून गवतावर आडवी केली. "वळणापलीकडे गेलो की हाक मारीन."

"मारा म्हणजे झालं," ताई म्हणाली. "नाहीतर विसराल, नेहमीसारखं."

ते धावत गेले. आम्ही ऐकत बसलो. आधी त्यांची पावलं, मग नुसतेच खालचे आवाज. मग भावोजींचं ओरडणं. एवढ्या मोठ्यानं ते कधी दुकानातही बोलले नव्हते. मागे फिरा, मागे फिरा. गाणं थांबलं. मूल रडायला लागलं. पावलांचा गलका झाला, तो उतरत उतरत बारीक झाला. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. ताई ओठ आवळून गवत उपटत होती. बाबांच्या मुठीत तो काचेचा तुकडा अजून होता.

मग खूप खालून हाक आली. ताईच्या नावाची.

"पोचला," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मूठ उघडली. तळहातावर रक्ताची बारीक रेघ होती.

ताई रडायला लागली. मी बाकाकडे पाहिलं. मघाशी त्याच्या पाठीची कड आणि डोंगरांची रेघ एक होती. आता बाक खाली खचला होता, त्याच्या वर डोंगरांची निळी पट्टी दिसत होती, आणि मी पाहत असताना ती रुंद होत होती.