मंडईच्या आदल्या दिवशी

कृष्णरावांच्या हाती माईक दिला की त्यांना खाली बसवायला दोन माणसं लागायची, पण बायकोच्या दुखण्याचं नाव काढा म्हटलं की याच माणसाची दातखीळ बसायची. एकोडीच्या मंडई कमिटीचे ते अध्यक्ष. दिवाळी झाली की गावात मंडईची जत्रा भरते, रात्री नाटक होतं, सोयरेधायरे जमतात, आणि त्याच गर्दीत लोक एकमेकांच्या पोरी पाहून घेतात. यंदा त्यांच्या पोरीला, तृप्तीला पाहायला तुमसरची माणसं यायची होती. राईस मिलवाले, एकुलता एक मुलगा. आणि नेमकी याच साली त्यांच्या बायकोच्या, बेबीबाईंच्या थानात गाठ निघाली.

साकोलीच्या शिबिरात गाठ सापडली, नागपूरला सुईनं तुकडा काढला आणि कॅन्सर निघाला. बारका, अगदी सुरुवातीचा. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "नेहमी आधी ऑपरेशन करतो आणि मग छातीला किरणं देतो. तुमची गाठ लहान आहे, जागा स्पष्ट दिसते. म्हणून आधी नेम धरून तेवढ्याच जागेवर मोजकी किरणं देऊ, आणि काही आठवड्यांनी गाठ काढून टाकू. ही पद्धत नवी आहे, अजून पडताळणी चालू आहे. पटलं तरच सही करा. पण ऑपरेशनची तारीख चुकवायची नाही." बेबीबाईंना चटकन उमगलं. धानावर तुडतुडा बसला तिथंच फवारा मारायचा, शेताची सगळी बांधी भिजवत बसायचं नाही, आणि मग ते बूड उपटून बांधाबाहेर फेकायचं. त्यांनी सही ठोकली. कृष्णराव तेवढा वेळ वर पंखा पाहत होते, कारण समोरच्या भिंतीवर बाईच्या छातीचं चित्र टांगलेलं होतं.

गावात काय सांगायचं, हा मोठाच पेच होता. अध्यक्षांनी तो एसटीतच सोडवला. "पथरी म्हणून सांगू. पथरीत इज्जत जात नाही."

मग काय विचारता! पथरी, म्हणजे मुतखडा म्हटल्यावर गावातला प्रत्येक माणूस डॉक्टर. कौशल्याबाईंनी कुळथाचं पाणी आणलं, रुखमिणीनं पानफुटीची पानं आणली, गोपीचंदनं तर स्वतःची पडलेली पथरी पुडीत बांधून दाखवायला आणली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! बेबीबाई निमूटपणे कुळथाचं पाणी प्यायच्या आणि कृष्णराव शेजारून म्हणायचे, "पी वो, लोकं पाहून राहिले."

दसऱ्यानंतर किरणं झाली. दुखलं नाही, फक्त कातडी जराशी लालसर झाली. पुढं गाठ हाताला थोडी बारीक लागू लागली. बेबीबाईंना बरं वाटलं म्हणून त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं, आणि तिथंच घात झाला.

"बसली नं गाठ?" कृष्णराव खूश होऊन म्हणाले. "मंग आता कायले कापाकापी? आन तारीख तरी कोणती देल्ली त्यायनं? ऐन मंडईची! तुमसरचे पाहुणे येतील तं सुवाऱ्या कोण तळन? पोट्टीले दाखवाच्या दिवशी माय दवाखान्यात म्हटलं तं सोयरीक तुटली समज."

"अजी, डॉक्टरीणबाई म्हणल्या नं, तारीख चुकवू नोका म्हणून."

"डॉक्टरीणबाईले पोट्टी उजवाची हाय का?"

असलं बिनतोड बोलणं कृष्णरावांना अगदी सहज जमायचं, म्हणून तर ते अध्यक्ष होते. त्यांनी बेबीबाईंच्या देखतच दवाखान्यात फोन लावून पेशंटला सर्दी झाल्याचं कळवलं. दुपारी ते मंडप पाहायला गेल्यावर बेबीबाईंनी त्याच नंबरवर फोन केला, सर्दीबिर्दी काही नाही, मी येऊन राहिली, असं सांगितलं आणि पाहुण्यांच्या वड्यांसाठी उडदाची डाळ भिजत घातली. जायचं कसं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. रात्री मात्र झोप लागेना. सुरीची भीती नव्हती. आपण नुसत्या भिडेपोटी मरू, याची भीती होती.

मंडईच्या आदल्या दिवशी दुपारीच तुमसरचे पाहुणे आले. जागेश्वरराव मिलवाले आणि त्यांची बायको ममताबाई. मुलगा दुसऱ्या दिवशी यायचा होता. ममताबाई जरीची साडी नेसून आल्या होत्या, पण तोंड उतरलेलं होतं. चहा झाला. तृप्ती पाया पडून आत गेली. जागेश्वररावांनी मिलच्या नव्या मशीनचं वर्णन केलं, कृष्णरावांनी रात्रीच्या नाटकाचं केलं. दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे सोयरीक अगदी झकास जमत आली होती.

तेवढ्यात ममताबाईंनी पिशवीतून एक बाटली काढली. "ईनबाई," सोयरीक जमायच्या आधीच त्यांनी विहीण म्हणून हाक मारली, "हा काढा घ्या. आमच्या वैद्यानं देल्ला. पथरीचा चुरा होऊन जाते."

बेबीबाईंनी बाटली हातात घेतली. सकाळी आठची गाडी होती. आता नाही बोललो तर कधीच बोलायचं नाही. त्यांनी बाटली खाली ठेवली.

"ईनबाई, मले पथरी नाही. माह्या थानात कॅन्सरची गाठ हाय. बारकी हाय, बरी होते. किरणं देऊन झाले, आता काढून टाकाची हाय. आन थे उद्याच हाय."

कृष्णराव असे हसले की रडले असते तर बरं दिसलं असतं. "मजाक करते. नाटकाचं वातावरण हाय नं घरात!"

"मजाक नाही जी," बेबीबाई म्हणाल्या. "सोयरीक तुटत असन तं तुटू द्या. पोट्टीले नवरा भेटन दुसरा. माय नाही भेटणार."

ममताबाई उठल्या. बाटली तिथंच सोडून त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या. झालं, बाई रुसल्या, असं समजून कृष्णरावांनी कपाळावर हात मारला आणि बायकोला डोळ्यांनीच फाडून खाल्लं. बेबीबाई पाहुणीच्या मागं आत गेल्या. अपमान झाला असेल तर माफी मागायची आणि सकाळची गाडी धरायची, इतकंच त्यांच्या मनात होतं.

ममताबाईंनी दार लोटलं. "किरणं दुखते का वो?" त्या हळूच म्हणाल्या.

"नाही बाई. फोटो काढाले पडून राहिल्यासारखं."

"आन मंग... पुरंच कापते का?"

"बारकी असली तं नाही. लवकर गेलं की—"

बेबीबाई बोलता बोलता थांबल्या, कारण समोरच्या बाईचा चेहरा पार पांढरा झाला होता. ममताबाईंनी त्यांचा हात धरला आणि आपल्या जरीच्या पदराखाली नेला. बोटांना गाठ लागली. टणक, चांगली लिंबाएवढी.

"कवापासून?"

"मागच्या मंडईपासून." ममताबाईंनी पदर सारखा केला. "पोट्ट्याचं लगन होऊन जाऊ दे म्हटली, मंग सांगू. मायले असं हाय म्हटलं तं पोट्टी कोण देईन?"

बेबीबाईंना हसावं की रडावं कळेना. दोन घरं एकमेकांपासून एकच दुखणं लपवत होती, आणि तेही एकाच लग्नासाठी! मग त्यांना राग आला. नवऱ्याचा आला, ममताबाईंचा आला, निमूट प्यायलेल्या कुळथाच्या पाण्याचाही आला. "वर्षभर! येडी का काय वो तुमी?" म्हणत त्यांनी ममताबाईंना घट्ट पोटाशी धरलं. दोघी खूप वेळ रडल्या.

बाहेर कृष्णराव जागेश्वररावांची समजूत घालत होते. "बाईमाणूस हाय, भेलं हाय. दोन दिवसात सारं ठीक होऊन जाईन. तुमी मनावर नोका घेऊ."

दार उघडलं. बेबीबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"अजी, उद्याच्या पाहुण्यायचं तुमचं तुमी पाहा. सकाळच्या गाडीनं आमी दोघी नागपूरले चाल्लो."

"दोघी?" कृष्णराव म्हणाले. "तृप्तीले कायले नेतं? तिले तं पाहाचं हाय उद्या!"

"तृप्ती नाही."

"मंग कोण?"

जागेश्वरराव पान तोंडात घालणार होते, ते हातातच राहिलं. त्यांनी दाराकडं पाहिलं. बायको त्यांच्याकडंच पाहत उभी होती.

"मी," ममताबाई म्हणाल्या.