पांढऱ्या जमिनीवरचा स्क्रू

गॅरेजच्या जमिनीवर पांढरं कोटिंग करून घेतलं आणि आमच्या ह्यांना साफसफाईचं वेडच लागलं. घरात स्वतःची कपबशी विसळायची नाही, पण तिथे मात्र सकाळी मऊ झाडूने वाळूचा कण न् कण काढायचा, मग कोमट पाण्यात मॉप पिळून पुसायचं. साबणाने चकाकी मरते, म्हणून साबण वर्ज्य. तेलाचा थेंब पडला रे पडला की स्वारी फडकं घेऊन हजर. मी एकदा खराटा नेला, तर चेहरा असा केला की जणू तो त्यांच्याच पाठीवरून फिरवला.

मला हसू यायचं, मामंजींना नाही. शिवणाच्या मशिनी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. म्हातारपणी गॅरेजचा एक कोपरा हेच त्यांचं दुकान. आता पायाखाली ही असली जमीन आणि पाठीमागे फडकं घेऊन उभा मुलगा. ते हळूहळू तिथे जाईनासे झाले. काम सुटलं तशी भूक गेली, बोलणं आटलं. मला त्यांची फार काळजी वाटायला लागली. शेवटी एका सकाळी त्यांनी हत्यारांची पेटी माझ्यापुढे ठेवली आणि भंगारवाल्याला देऊन टाक म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. पेटी उचलून तडक गॅरेजमध्ये गेले. मामंजी मागोमाग आले. हे मॉप पिळत होते. जमीन लाडकी की वडील, असं मी तोंडावर विचारलं.

हे मॉप पिळतच राहिले. तोंड उघडायला आमच्याकडे बापलेकांना सारखाच वेळ लागतो.

"बाबा, काम करताना तुमचे स्क्रू पडायचे," हे शेवटी म्हणाले. "काळपट जमिनीवर दिसायचे नाहीत. गुडघ्यांवर बसून चाचपडत राहायचात. मला बघवायचं नाही. म्हणून पांढरी करून घेतली. कचरा साचला तर पुन्हा तेच, म्हणून पुसतो."

"मग सांगायचं नाही का?" मामंजी म्हणाले.

"नजर कमी झाली म्हटलेलं तुम्हाला चाललं असतं?"

मामंजींनी माझ्या हातातली पेटी उघडली. पेटीतून एक बारीकसा स्क्रू काढून त्यांनी मुद्दाम खाली टाकला. तो टणटण उड्या मारत भिंतीपाशी जाऊन थांबला. मामंजी चालत गेले, वाकले आणि त्यांनी तो एका फटक्यात उचलला.

"तेल सांडेल हं," मामंजी म्हणाले.

"सांडू द्या," हे म्हणाले आणि मामंजींची खुर्ची आणायला गेले.