मातीतला चुना

"श्वास घेतेय! बघा मंडळी, माती श्वास घेतेय!"

अंगणात माणूस मावत नव्हतं. गावात आलेल्या बाटलीवाल्याने परातीतल्या ढेकळांवर 'कर्बामृत' ओतलं, तशी माती फसाफसा फेसाळली. बायांनी हात जोडले.

"मातीने हवेतला कर्ब गिळला, की कार्बन क्रेडिट, म्हणजे कर्ब साठवल्याचे पैसे, तुमचे! लोक सांगतात, नांगर कमी चालवा, पाला कुजवा, वर्षानुवर्षं वाट बघा. कशाला ती उरस्फोड? बाटली ओता, मोकळे व्हा! बांधावरची झाडं तेवढी पाडा, ती अमृत पळवतात."

घरातली थोरली जाऊ नवऱ्याकडे वळली. भांडी विसळलेलं पाणी उन्हातान्हात वाहून तिनं ती झाडं जगवली होती, आणि काल असाच फेस बघून नवऱ्याने सकाळपासून बांधावर कुऱ्हाड लावली होती.

"अहो, जरा थांबवा ना त्या कुऱ्हाडवाल्याला."

"डोळ्यांदेखत दिसतंय ते खोटं, आणि तुझी झाडं खरी?" नवरा खेकसला.

तिनं धाकट्या जावेचा दंड घट्ट धरला. धाकटी शाळेत विज्ञान शिकवायची. ती पुढे झाली, बाटली उचलली आणि गोठ्याच्या चुना दिलेल्या भिंतीवर शिंपडली. भिंत फेसाळली.

"भिंतही कर्ब गिळते का हो?"

"मग मी उद्याच घराला चुना मारतो!" मागून एक म्हातारा म्हणाला. हशा पिकला. बाटलीवाला पिशवी आवरू लागला.

"बाटलीत तेजाब आहे, आम्ल," धाकटी म्हणाली. "आपल्या मातीत चुनखडी. दोन्ही भेटले, की कर्बवायू सुटतो. बुडबुडे बाहेर येतायत. माती कर्ब गिळत नाही, ओकतेय!"

"म्हणजे आम्हाला चुना लावला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"तोही आपल्याच शेतातला," म्हाताऱ्याने जोड दिली.

थोरली केव्हाच बांधाकडे धावली होती. सगळ्यांत जुनं झाड आडवं पडलं होतं. पुढच्याच्या बुंध्याला ती पाठ लावून उभी राहिली. कुऱ्हाडवाला खाली बघू लागला.

मागून नवरा आला. "फेस दिसला होता गं," एवढंच पुटपुटला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

मागोमाग आलेल्या धाकटीने तोडलेल्या झाडाच्या मुळापाशी उकरून काळी, भुसभुशीत माती त्याच्या हातावर ठेवली. "भाऊजी, कर्ब हा. मुळांनी, पाल्यानं वर्षानुवर्षं साठवलेला. आधीची आणि नंतरची माती तपासतात, वाढ दिसली तरच क्रेडिट. फेस तुम्हाला दिसला, ते खरंच. पण तो कशाने आला, एवढं कुऱ्हाड बोलावण्याआधी विचारायचं होतं."