खोट्या रोग्याचं बीपी

मेडिकल कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेत मी डोकेदुखीचा पेशंट असतो. खराखुरा नव्हे, ठरवलेला. आयुष्यभर हौशी नाटकांत नोकर आणि हवालदार झालो, म्हातारपणी एकदाची मोठी भूमिका मिळाली. विद्यार्थी एकेक करून खोलीत येतात, विचारपूस करतात, सल्ला देतात आणि घंटा वाजली की पुढच्या खोलीत जातात. कोपऱ्यात बसलेले परीक्षक कागदावर खुणा करतात. ‘दुखणं कधीपासून?’ विचारलं की खूण. ‘घरात आणखी कोणाला त्रास?’ खूण.

बीपी मात्र कोणी मोजत नाही, वेळ जातो. विद्यार्थ्याने नुसतं म्हणायचं, "बीपी बघतो," आणि परीक्षकांनी कार्डावरचा आकडा वाचायचा. यंत्र टेबलावर असतं, पण शोभेला.

त्या दिवशी आलेल्या मुलीला वर्गात सगळे कासव म्हणत. अभ्यासात हुशार, पण वेळेत काही संपवेल तर शपथ. त्यापायी एकदा नापास झालेली. आता राहिली तर एकच संधी उरणार होती, आणि तीही हुकली की इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

तिने दोन प्रश्न विचारले, माझ्या तोंडाकडे जरा जास्तच निरखून पाहिलं आणि म्हणाली, "काका, बीपी बघते."

"एकशेवीस, ऐंशी," परीक्षक म्हणाले.

"हो सर. तरी बघते."

तिने पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला, हवा भरली, सोडली. मग दुसऱ्या दंडाला. परीक्षकांनी घसा खाकरला. मला तिची कीव आली. अर्धे प्रश्न राहिले होते, सल्ला राहिला होता, आणि बाईसाहेब शिंप्यासारख्या माझे दंड मापत बसल्या होत्या.

घंटा झाली. "काका, दोनशेच्या वर आहे," ती हळूच म्हणाली. "खरंच सांगतेय. घरी जायच्या आधी दाखवून घ्या."

मी आपला भूमिकेतच. "चष्म्याचा नंबर वाढला असेल हो," असं पाठ केलेलं वाक्य ठोकून दिलं.

पण मनात पाल चुकचुकली. परीक्षा संपल्यावर परीक्षकांपुढेच हात केला. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि मला एक पाऊल चालू दिलं नाही. चाकाच्या खुर्चीतून थेट वॉर्डात. बायको धावत आली. आधी रडली, मग म्हणाली, "घ्या! करा आणखी सोंगं."

बरा झाल्यावर विभागप्रमुख बाईंना भेटलो. मुलगी नापास झाली होती.

"अहो, पण तिचंच बरोबर होतं!"

"होतंच," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचलात, आम्हाला आनंदच आहे. पण परीक्षा तुमची नव्हती काका, कार्डावरच्या केसची होती. केसचं बीपी एकशेवीसच आहे. बाकीच्या खुणांच्या जागा तर कोऱ्याच राहिल्या. तिला एकटीला सूट कशी देऊ?"

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चहा पाजला. मला मात्र संताप आला होता, आणि तो चहाबरोबर गिळून मी घरी आलो.

पुढच्या परीक्षेला पुन्हा डोकेदुखी होऊन बसलो. ती आली. मी खुशीत बाही वर सरकवली. तिने मला ओळखलं, नजर खाली घातली आणि प्रश्न सुरू केले, एकामागून एक, धडाधड.

"बीपी बघते."

"एकशेवीस, ऐंशी."

तिने आकडा लिहून घेतला.

"मोजून बघ ना गं एकदा," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या भूमिकेत नव्हतं. परीक्षकांनी डोळे वटारले.

तिने यंत्राकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"सरांनी सांगितलंय की, काका," ती म्हणाली, आणि सल्ला द्यायला लागली.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली.